दाढ काढा, पण गोळ्या बंद करू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आई म्हणाली, दाढ काढायची म्हणून बाबा स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यापासूनच्या, रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवणार आहेत. फोनवर नुसता वाद झाला असता, म्हणून लिहिते आहे.

बाबा, त्या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. ते नाव कुणी पाडलं कोण जाणे! त्या प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशींना, चेव येऊ देत नाहीत, एवढंच. धमनीचं अस्तर सोलवटलं की खालचे कोलॅजनचे चिवट तंतू उघडे पडतात. रक्तात गुंडाळी होऊन फिरणारं वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन तिथे चिकटतं आणि प्रवाहाच्या ओढीने उलगडतं. धावत्या प्लेटलेटच्या अंगावरचा जीपी-वन-बी हा रेणू ते पकडतो. पकड कच्ची असते. प्लेटलेट सुटते, पुन्हा अडकते, घरंगळत मंदावते. तेवढ्यात ती चेतते आणि तिचा दुसरा रेणू, जीपी-टूबी-थ्रीए, आकार बदलून फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन धरतो. त्याचं दुसरं टोक शेजारची प्लेटलेट धरते, की झाली गुठळी सुरू.

अरुंद जागी प्रवाहाचा जोर वाढतो, हे पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या तुम्हाला मी काय सांगू? जोर जास्त तिथेच ते प्रथिन जास्त उलगडतं. म्हणून ब्लॉकेजपाशीच घात होतो.

हे चिकटणं मुळात वाईट नाही. त्या प्रथिनाला ज्यांचं नाव आहे, त्या फिनलंडच्या डॉ. एरिक वॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरच्या, रक्त लवकर न थांबणाऱ्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. ते प्रथिनच त्यांच्यात कमी होतं. त्यातली एक मुलगी पुढे पाळीच्या रक्तस्रावाने गेली. तेव्हा हिरडीतून थोडं जास्त रक्त येईल ही तुमची भीती खोटी नाही. पण तिथे गॉज दाबून धरता येतो, टाका घालता येतो. हृदयाच्या धमनीत काय दाबणार?

तुमच्या स्टेंटला अजून वर्षही झालेलं नाही. त्याच्या जाळीवर अस्तर नीट चढेपर्यंत प्लेटलेट्सच्या लेखी ती उघडी जखमच. दोन गोळ्यांतल्या अ‍ॅस्पिरिनचा परिणाम त्या-त्या प्लेटलेटवर ती संपेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. पण हाडांतल्या मज्जेतून रोज नव्या येतात आणि गोळी नसली की त्या मोकळ्या.

एक दाढ सहसा गोळ्या चालू ठेवूनच काढतात. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटची फाईल दाखवा आणि त्यांनाच हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. हृदयाचे डॉक्टर म्हणाले तरच बंद. आई, पाकिटातल्या गोळ्या तू मोजत जा; ‘घेतली’ म्हणतील, विश्वास ठेवू नकोस.

तुमची,
धाकटी