टोकियोतील पत्रकार आणि सरकारी खोली

संपादक महोदय,
स. न.

जपानच्या राज्यघटनेचे २१ वे कलम सेन्सॉरशिपला स्पष्ट मनाई करते. तरीही ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या यादीत २०१० साली ११ व्या स्थानी असलेला हा देश २०१६ मध्ये ७२ व्या स्थानावर घसरला. त्यात सरकारी गुपितांविषयीच्या २०१३ च्या कायद्याचा वाटा आहेच. पण मूळ दुखणे बातमी मिळवण्याच्या रोजच्या रीतीत आहे.

ही रीत म्हणजे ‘किशा क्लब’, म्हणजे पत्रकारांचे क्लब. मंत्रालये, पोलीस मुख्यालये, प्रांतिक सरकारे यांच्या इमारतींतच पत्रकारांना खोली मिळते. सदस्य असतात ते मोठी दैनिके, वृत्तसंस्था आणि वाहिन्यांचे. पत्रकार परिषदेत कोणाला प्रवेश, हे बहुतेक ठिकाणी क्लबच ठरवतो. साप्ताहिके आणि मुक्त पत्रकार दाराबाहेर.

त्यातही ‘बान-किशा’ची पद्धत बघण्यासारखी आहे. एकेका बड्या नेत्यामागे प्रत्येक दैनिक आपला एक तरुण वार्ताहर लावते. सकाळी नेत्याच्या दारात, दिवसभर त्याच्यासोबत चालता चालता प्रश्न, रात्री तो घरी परतताना पुन्हा हजर. अनौपचारिक बैठकीत रेकॉर्डर नाही, वही नाही. बाहेर पडल्यावर स्पर्धक दैनिकांचे वार्ताहर घोळका करून नेता काय बोलला ते आठवून जुळवतात आणि टिपण कचेरीत धाडतात. खटकणारे छापले तर पुढच्या बैठकीचे बोलावणे बंद. मग कचेरीतून विचारणा होते: बाकीच्यांकडे आहे ते आपल्याकडे का नाही? अशा वेळी गप्प बसणेच सोयीचे ठरते.

हे कुठवर जाते? मे २००० मध्ये पंतप्रधान योशिरो मोरी ‘जपान हा देवांचा देश’ या वक्तव्यावरून अडचणीत होते. त्यांच्या खुलाशाच्या पत्रकार परिषदेआधी पत्रकार कक्षातील झेरॉक्स मशीनजवळ एक कागद सापडला: प्रश्न टोलवा, आधीच्या खुलाशापलीकडे जाऊ नका, वेळ संपताच परिषद आटपा. हा सल्ला कोणा पत्रकारानेच पंतप्रधानांसाठी लिहिल्याचे दिसत होते. मे २०२० मध्ये तर टोकियो उच्च अभियोक्ता कार्यालयाचे प्रमुख हिरोमु कुरोकावा कोरोनाच्या आणीबाणीच्या काळात पत्रकारांबरोबर पैसे लावून माहजोंग खेळल्याचे उघड झाले. ते उघड केले साप्ताहिकाने. खेळायला बसलेल्यांत दोन दैनिकांची माणसे होती.

हा योगायोग नव्हे. १९७४ मध्ये पंतप्रधान काकुएइ तानाकांच्या आर्थिक व्यवहारांवर मासिकाने लिहिले, त्यांना धारेवर धरले परदेशी वार्ताहरांनी. क्लबातले मागाहून जागे झाले. सत्ताधारी पक्षाच्या गटांचा दडवलेला निधी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रथम समोर आणला तो कम्युनिस्ट पक्षाच्या ‘अकाहाता’ या मुखपत्राने. बड्या दैनिकांनी तो विषय लावून धरायला वर्षभर गेले.

हे बदलता येते. २००१ मध्ये नागानोचे राज्यपाल यासुओ तानाका यांनी क्लबांना सरकारी खोल्यांतून बाहेर काढून परिषदा सर्वांना खुल्या केल्या. २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री कात्सुया ओकादा यांनीही आपल्या परिषदांचे दार उघडले. पंतप्रधानांच्या परिषदेत मात्र अजून उपप्रश्नाची मुभा सहसा मिळत नाही. ती मिळवण्यासाठी क्लबाने एकजुटीने अडून बसायला हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये पंतप्रधान सुगा यांनी वार्ताहरांना अनौपचारिक न्याहारीला बोलावले, तेव्हा ‘असाही’ आणि ‘टोकियो शिंबुन’ या दैनिकांचे वार्ताहर गेले नाहीत. पंतप्रधानांनी पत्रकार परिषदेत उत्तरे द्यावीत, असे ‘असाही’ने सांगितले. बाकीचे बहुतेक जण न्याहारीला गेले.

– एक वाचक, ठाणे