दुतोंड्या मारुतीला तरी विचारा

गेल्या रविवारी मोबाइलवरच्या एका बातम्यांच्या अ‍ॅपने ठणकावून सांगितले, 'नाशिकमध्ये महापूर'. पाठोपाठ पुण्याहून लेकीचा घाबराघुबरा फोन. घाटावर जाऊन पाहतो तर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या जेमतेम पावलांना पाणी, आणि भेळवाल्याची गाडी जागच्या जागी. अ‍ॅपवरच्या व्हिडिओत मात्र मारुती बुडालेला. तो होता ऑगस्ट २०१९ चा पूर!

एकाच गावाचे नाव आणि तेच शब्द थोड्या वेळात अनेकांच्या पोस्टमध्ये आले, की संगणक आपोआप बातमी करतो म्हणे. युक्ती वाईट नाही. टोकियोच्या संशोधकांनी २०१० मध्ये ट्वीटवरून भूकंप ओळखून दाखवले होते. पण तिथे माणसे हादरा बसल्यावर स्वतः लिहीत होती. आपल्याकडे एकच जुना व्हिडिओ शंभर जण 'काळजी घ्या' म्हणत पुढे ढकलतात, आणि यंत्र त्यांना शंभर साक्षीदार धरते. शिवाय 'मारुतीच्या कमरेला पाणी' हे आमचे पुराचे माप त्याला कुठून कळणार? निदान व्हिडिओची मूळ तारीख आणि गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, एवढे तरी बातमीखाली द्यावे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक