पौर्णिमेच्या आधीचे पत्र

अलिबाग, कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तेरवाच्या पौर्णिमेला पाणी फार लांबवर ओसरेल, म्हणून त्याच दिवशी भावनगरच्या चिखलात उतरून नमुने गोळा करणार, असे तू काल फोनवर सांगितलेस. तेव्हा मी ‘बरं’ म्हणालो, पण फोन ठेवल्यापासून मन तिथेच घोटाळते आहे.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आजोबांचा आडाखा तुला पाठ आहे. आज द्वादशी, म्हणजे आपल्याकडे नवाला भरती. चंद्र रोज उशिरा येतो तशी तीही रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पण हा आडाखा आपल्या किनाऱ्याचा आहे, तो भावनगरला लावू नकोस. खंबातचे आखात आत जाताना निमुळते होत जाते, त्यामुळे पाणी तिथे पोहोचते उशिरा आणि चढते कितीतरी जास्त. आपल्याकडे उधाणालाही चार-पाच मीटर चढणारे पाणी तिथे दहा मीटरपर्यंत चढते. शिवाय ते सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत तीन-तीन हिस्से. म्हणजे त्या दोन तासांतच पाच मीटर. सपाट चिखलावर ते समोरून दिसतही नाही, ओहळांतून तुमच्या मागे येऊन उभे राहते.

हे सगळे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की उधाण आणि काटकोनात आले की भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, हे मी तुला वाळूत काठीने काढून दाखवले होते. आणि चिखलातले जीव चंद्राच्या वेळेवर कसे जगतात, हे आता तू मला समजावतेस. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचा वेग मंदावतो आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर दूर जातो, हे तुझ्याकडून ऐकले त्या रात्री मी अंगणात बराच वेळ बसून होतो. एवढे शिकलेल्या मुलीला पहिलीच्या वर्गासारखे शिकवतो आहे, त्याबद्दल रागावू नकोस.

पण समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरची ती वैशाखी पौर्णिमा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू सात वर्षांची होतीस. पहाटे पाचला पाणी पार ओसरले होते, आपण चालत किल्ल्यात गेलो, आणि तू चाकांवरच्या तोफांपाशी रमलीस. सातला निघायचे ते मी साडेआठ केले. तुझी चूक नव्हती, घड्याळ माझ्या मनगटावर होते. मधल्या खडकांशी पाणी माझ्या कमरेला लागले तेव्हा तुला खांद्यावर घेतले. तुझी एक चप्पल वाहून गेली म्हणून तू रडत होतीस आणि मी पायाखालचा खडक चाचपडत होतो. तुझ्या आईला आपण फक्त चप्पल हरवल्याचे सांगितले. बाकीचे तिला मी अजून सांगितलेले नाही.

जाऊ नकोस असे म्हणत नाही. ज्या कामासाठी घर सोडलेस ते काम ओहोटीतच होते. भावनगर बंदराचे त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक मात्र आदल्या रात्री कागदावर उतरवून घे, आणि पाणी पार ओसरलेले असतानाच परतीला लाग. एकटी जाऊ नकोस. कोळियाकला समुद्रातल्या निष्कलंक महादेवाच्या वाटेवर ओहोटीत माणसांची रांग असते असे तू सांगितले होतेस. तिथल्या कोणा जाणत्याला पाण्याची वेळ विचारण्यात कमीपणा नाही. पुन्हा तेच लिहितो आहे, ठाऊक आहे.

आई पोहे आणि कोकम पाठवते आहे. पौर्णिमेला कोरड्या जमिनीवर पाय लागला की, किती वाजता लागला तेवढे कळव.

तुझे,
बाबा