सुषमाताईंचा मसुदा

कोल्हापूर

प्रिय मंगेश,

स. न. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील, पण आजची गोष्ट तुझ्याखेरीज कुणाला कळेल असे वाटत नाही. माझी प्रकृती ठीक आहे, आईचा गुडघाही आता बरा आहे.

सरांनी आम्हांला एकमेकांच्या निबंधांचे कच्चे मसुदे वाचून लेखी अभिप्राय द्यायला सांगितले आहे, आणि माझ्याकडे सुषमाताईंचा १९७२चा दुष्काळ व रोजगार हमी योजनेवरचा मसुदा आला आहे. पहिली दोन पाने निसर्गाची अवकृपा, बळीराजाचे अश्रू अशा कुणीही लिहाव्यात अशा वाक्यांनी भरली आहेत. तिसऱ्या पानावर मात्र आटपाडीकडच्या त्यांच्या आजी येतात. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे वाटलेली सुकडी स्वतः न खाता पदराच्या टोकाला बांधून पोरांसाठी घरी आणत. एवढे चार ओळींत सांगून ताई लगेच आकडेवारीकडे वळल्या आहेत. माझ्या मते खरा निबंध त्या चार ओळींत आहे.

हे त्यांना कसे सांगावे, याचाच घोर लागला आहे. नुसते 'सुरुवात पसरट आहे' असे लिहिले, तर वयाने मोठ्या असलेल्या ताई दुखावतील आणि पुढे काय करायचे तेही त्यांना कळणार नाही; 'छान जमले आहे' असे लिहिणे म्हणजे त्यांच्या कष्टांची उपेक्षाच. वार्षिकांकाच्या माझ्या लेखातल्या वेलांट्यांभोवती तू लाल शाईने गोल काढलेस आणि आपला अबोला झाला, ते आठवते ना? तुझ्या दुरुस्त्या अचूकच होत्या, पण वाचताना तू कुठे रमलास आणि कुठे कंटाळलास, हे मला हवे होते, आणि या मतावर मी आजही ठाम आहे.

म्हणून समासात मी प्रश्नच लिहिले आहेत: फोडलेल्या खडीचे माप कोण घेई, मजुरी किती दिवसांनी हाती पडे, मुकादम बायकांशी कसा बोले? एक चूक मात्र स्पष्ट दाखवली आहे. कायदा १९७२चा, असे ताईंनी लिहिले आहे. योजना त्या साली सुरू झाली, पण कायदा १९७७मध्ये संमत होऊन १९७९पासून अमलात आला. म्हणजे आजींना काम मिळाले तेव्हा ते मागण्याचा कायदेशीर हक्क त्यांना नव्हता, आणि हा फरक मांडला तर ताईंचा मुद्दा अधिकच बळकट होईल.

पहिली दोन पाने गाळा, असे सरळ लिहावे की 'मी तिसऱ्या पानावर गुंतलो' एवढेच सांगून निर्णय त्यांच्यावर सोडावा? माझा कल दुसरीकडे आहे, पण तू स्पष्ट बोलणारा, म्हणून विचारतो.

नवी नोकरी मानवली का? बाळाच्या बारशाला येतोच, वहिनींना नमस्कार सांग. मसुदा सोमवारी परत द्यायचा आहे, तेव्हा पत्र मिळताच फोन कर.

तुझा,
श्रीधर