बयाना देण्याआधी खसरा, माती आणि पाणी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात पानपानभर फ्लॅट स्कीमच्या जाहिराती येतात. बेसा, बेलतरोडी, जामठा, हिंगणा रोड, दिघोरीच्या पुढचा उमरेड रोड, कोराडी रोड. नागपूर या सगळ्या बाजूंनी वाढते आहे आणि पहिले घर घेणारा नोकरदार तिकडेच वळतो, कारण शहरातला दर त्याला झेपत नाही. आम्ही बांधकाम आणि दस्तनोंदणीच्या कामात असणारे काही जण हे पत्र लिहितो आहोत. घेणारा माणूस कागद आणि इमारत तपासतो ती बहुतेक वेळा बयाना दिल्यावर. तोवर त्याचे पैसे अडकलेले असतात आणि समोरच्याला घाई उरलेली नसते. म्हणून खाली लिहिलेले सगळे बयान्याच्या आधी करायचे आहे.

सगळ्यात आधी विचारा, नकाशा मंजूर कोणी केला? महानगरपालिकेच्या हद्दीत मनपा किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), हद्दीबाहेरच्या गावांत एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या अधिसूचित भागात एमएडीसी (महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी). बाहेरच्या पट्ट्यात अजूनही ग्रामपंचायतीचा ठराव किंवा घरटॅक्सची पावती पुढे केली जाते. टॅक्सची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. तसेच आर.एल.चे, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राचे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाला, एवढेच त्या पत्रावरून कळते. त्यावर आता उभ्या राहणाऱ्या चार मजली इमारतीचा नकाशा वेगळा मंजूर व्हावा लागतो.

मंजूर नकाशाची प्रत हातात घ्या, मोबाइलवरचा फोटो पुरेसा नाही. मौजा (महसुली गाव) आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक सातबाऱ्यावर, नकाशावर आणि करारनाम्याच्या मसुद्यात एकच आहे का ते जुळवा. मग नकाशातले मजले मोजा आणि साइटवर जाऊन पुन्हा मोजा. तळाशी पार्किंग म्हणून मंजूर असलेल्या जागेत दुकानाचे शटर दिसले, तर त्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची परवानगी) अडकणार हे आजच समजून घ्या. मनीषनगर-बेसा-वर्धा रोडच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचा ना-हरकत दाखलाही बघावा लागतो. ‘बँक लोन देते म्हणजे कागद पक्के’ हे वाक्य साइट ऑफिसात हमखास ऐकू येते. बँक आपल्या कर्जापुरते बघते, आणि इमारत अडकली तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो.

महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारे राज्याचे प्राधिकरण. तिथला नोंदणी क्रमांक नागपूर जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांना पी५०५ ने सुरू होतो. जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन केला की मंजूर नकाशा, किती फ्लॅट विकले गेले आणि पूर्णत्वाची तारीख दिसते. विक्रेता तोंडी सांगतो ती तारीख सोडा, तिथे भरलेली तारीख धरा. आता नागपुरातली खरी अडचण. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला महारेरा नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. आपल्याकडे दोन प्लॉट जोडून उभ्या राहिलेल्या कितीतरी तीन-चार मजली स्कीम यातच बसतात. ‘आम्हाला रेरा लागतच नाही’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही, पण तुमचे संरक्षण कमी झालेले असते. अशा ठिकाणी १९६३ चा मोफा (फ्लॅटमालकीचा) कायदा, नोंदणीकृत करारनामा आणि गरज पडल्यास ग्राहक आयोग, एवढ्यावरच भिस्त. म्हणून छोट्या स्कीममध्ये नुसत्या बयानापत्रावर मोठी रक्कम कधीच देऊ नये.

नोंदणी असलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पुढच्या हप्त्यांची कमाल मर्यादा नमुना करारनाम्यात ठरलेली आहे: करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते (पायावरचा चौथरा) झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. ‘स्लॅब पडला’ असा मेसेज आला की आधी साइटवर जाऊन बघा, मगच बँकेला हप्ता सोडायला सांगा. रोखीत दिलेला पैसा तर कुठेच दिसत नाही. ताब्याला उशीर झाल्यावर व्याज मागता येते ते कागदावरच्या रकमेवर, नगदी दिलेल्या लाखांवर नाही.

दर नेहमी कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रावर काढा. समजा ४५ लाखांचा फ्लॅट १,१०० फूट ‘सुपर बिल्टअप’ (जिना-लॉबीचा वाटा धरून) म्हणून दाखवला, तर दर फुटाला ४,०९० रुपये वाटतो. त्यात कार्पेट ७२० फूट असेल तर खरा दर ६,२५० पडतो. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती कार्पेटमध्ये धरत नाहीत. जीएसटीत आपल्याकडच्या खरेदीदाराची बरेचदा फसगत होते: ४५ लाखांपर्यंतच्या आणि नागपुरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या बांधकामाधीन घराला १ टक्का, त्यावरच्याला ५ टक्के आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घराला काहीच नाही.

आता माती. शहराच्या पश्चिम-दक्षिण पट्ट्यात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. फूटिंग (कॉलमचा पाया) कडक मुरूम किंवा दगडावर नेलेले असले तर इमारतीचा सांगाडा सहसा हलत नाही. माती परीक्षणाचा अहवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नाव मागा, दाखवायला कां-कूं केली तर तिथेच थांबा. बिघडते ते दुसरेच. पाया खणताना निघालेली काळी माती ट्रकने बाहेर नेण्याचा खर्च वाचवायला तीच जोत्यात परत भरतात. भरायला हवा मुरूम, तोही १५ ते २० सेंटिमीटरचे थर करून, पाणी मारून, दाबून. तसे केले नाही तर एक-दोन पावसाळ्यांत पार्किंगची फरशी बसते, कंपाउंडची भिंत कलते आणि इमारतीतून बाहेर पडणारा ड्रेनेजचा पाइप जोडाजवळ तुटतो. तुटलेल्या पाइपचे पाणी त्याच मातीत मुरते, ती आणखी फुगते आणि तळमजल्याच्या विटांच्या भिंतींना तडे जातात.

हे बघायला इंजिनिअर लागत नाही. त्याच बिल्डरची तीन-चार वर्षे जुनी स्कीम गाठा. पार्किंगमध्ये प्रत्येक कॉलमच्या पायाशी वाकून बघा. कॉलम जागेवर आणि भोवतालची फरशी बोटभर खाली, मधे काळी फट, असे दिसले तर भराव कसा केला ते कळले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला आणि नाणे आत शिरेल एवढा तडा गंभीर समजा. प्लास्टरवरचे जाळ्यासारखे केसाएवढे तडे पाणी कमी मारल्याचे असतात, ते रंगकामात भरता येतात. बीमच्या खाली सरळ आडवा तडा असेल तर वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी न लावता प्लास्टर केले आहे. कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा आपल्याकडे सर्रास वापरतात. त्या वाईट नाहीत, पण जोडणीत आणि प्लास्टरमध्ये घाई केली की हे तडे ठरलेले.

एप्रिल-मे महिन्यात टाकलेल्या स्लॅबची तराई (पाण्याने ओला ठेवणे) किती दिवस केली ते मिस्त्रीला विचारा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे अशा कोरड्या, उष्ण हवेत पीपीसी (राखमिश्रित) सिमेंटला १४ दिवस तराई हवी. वाफे बांधून पाणी साठवले पाहिजे, सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही. टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते तिथे ही कसर हमखास होते.

पाण्याचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडावा. ४८ फ्लॅट, घरटी ४ माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज सुमारे २६ हजार लिटर. ५ हजार लिटरचे पाच टँकरही थोडे कमीच. त्यात उन्हाळ्यात कूलरचे पाणी वेगळे. ‘पेंचची लाइन येणार आहे’ यावर विसंबू नका. नळजोडणीचे मागणीपत्र दाखवा म्हणा. बोअरवेल असेल तर ती मे महिन्यात किती तास चालते हे शेजारच्या स्कीमच्या चौकीदाराला विचारा. बोअरचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, १.५ च्या वर तर पिऊच नये. नायट्रेट ४५ च्या वर निघाले तर जवळपास सेप्टिक टँक पाझरतो आहे असा संशय घ्या. मैल्याची लाइन अजून न आलेल्या वस्तीत सांडपाणी शेवटी कुठे जाते, हेही विचाराच. बऱ्याच ठिकाणी ते मागच्या नाल्यात जाते.

नाल्याचे निघाले म्हणून सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या जुन्या, भरवस्तीतल्या घरांत पाणी शिरले. बाहेरच्या लेआउटमध्ये तर नाले अरुंद करून प्लॉट पाडलेले आहेत. साइट उन्हाळ्यात दाखवतात, तेव्हा नाला दिसतही नाही. भूमी अभिलेख खात्याचा गावनकाशा काढून त्यावर नाला कुठून जातो ते बघा. समोरचा रस्ता आज मातीचा असेल तर उद्या सिमेंट रोड होताना तो वर येणार हे धरून चाला. सिमेंट रोड वर आणि घर खाली, असे शहरात कितीतरी ठिकाणी झाले आहे. जोते आजच्या रस्त्यापेक्षा वीतभरच उंच असेल तर पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये पाणी.

ताबा घेताना चावीच्या आधी निदान एक पूर्ण दिवस द्या. संडास-बाथरूमची जाळी बंद करून तळाला २५ मिलिमीटर पाणी २४ तास साठवून ठेवा आणि खालच्या फ्लॅटचे छत बघा. फरशीवर नाणे वाजवत फिरा, पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण करा. आरसीसीबीचे (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबा, वीज गेली पाहिजे. एसीच्या पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तार आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून उघडून बघा. कूलर ठेवायच्या जागी पाण्याचा आणि विजेचा पॉइंट नसेल तर तो प्लास्टरच्या आधी करून घ्यायला हवा होता. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीवर उतार आणि पांढरी चायना मोझॅक आहे का बघा, नाहीतर मे महिन्यात रात्री बारालाही छत तापलेले असते. महावितरणचे मीटर तुमच्या नावावर लागले पाहिजे, बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवरून सबमीटर नको. सापडलेले दोष लेखी द्या. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे.

आपल्याकडे बहुतेक स्कीममध्ये सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन (नोंदणीकृत घोषणापत्र) करतात. विक्रीपत्रात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सगळ्या फ्लॅटच्या हिश्शांची बेरीज १०० होते का ते बघा. गच्चीचा किंवा पुढच्या मजल्याचा हक्क बिल्डरने स्वतःकडे ठेवला असेल, तर ते वाक्य वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

शेवटी दोन मागण्या. एनएमआरडीएने मंजूर नकाशांची मौजा आणि खसरानिहाय यादी प्रत्येक ग्रामपंचायत व नगरपंचायतीच्या फलकावर लावावी आणि दर महिन्याला ती बदलावी. आणि आपल्याला विनंती, की घरांच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकाशेजारी नकाशा मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि मंजूर करणाऱ्या कार्यालयाचे नाव असल्याशिवाय ती जाहिरात आपण छापू नये. छोट्या स्कीमच्या जाहिरातीत तर हे आधी हवे, कारण तिथे वाचकाला पडताळायला दुसरे काहीच नसते.

आपले,
बांधकाम व दस्तनोंदणी क्षेत्रातील काही वाचक, नागपूर