भीमेत पाणी सुटल्यावर पंप बंद ठेवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनी धरणातून भीमेत पाणी सुटलं, की ते शहरासाठी पाणी उचलतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर काठावरच्या मोटारी बंद ठेवायच्या आहेत. लाईट असली तरी बंदच. रात्री गुपचूप स्टार्टर दाबणाऱ्यांनी खाली टेलला (शेवटच्या टोकाला) बसलेल्या आपल्याच भावकीचा विचार करावा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाणी ओसरल्यावर आपल्या बंधाऱ्याचे सगळे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घट्ट बसवून खालची धार पूर्ण तोडू नका. मागच्या उन्हाळ्यात खालचा डोह आटला, तेव्हा गुडघाभर चिखलात मासे तोंड वर काढून तडफडत होते, आणि चार दिवसांत काठावरच्या विहिरींची पातळीही खाली गेली. नदी वाहती असली तरच आपल्या विहिरीला पाझर राहतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीतही नदीच्या स्वतःच्या गरजेसाठी काही प्रवाह राखून ठेवावा, असं म्हटलंय.

उसाला पाणी तोडायला कुणी सांगत नाही. उजनीचा उपयुक्त साठा साधारण 53 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यावर शेती, शहर, कारखाने सगळेच अवलंबून. म्हणून ठिबक असलेल्यांनी दोन पाळ्यांतलं अंतर वाढवावं, पाटपाणी देणाऱ्यांनी एक सरी आड भिजवावी. जनावरांच्या पाण्याला अडचण आली तर थेट मला सांगा, त्यातून मार्ग काढू.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मारुतीच्या पारावर पाळ्या ठरवू. प्रत्येकाने आपल्या मोटारीची एचपी आणि भिजणारं क्षेत्र लिहून आणावं.