आशुतोष म्युझियममधल्या त्या दादांना

दादा, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. आईच्या मनातलं लिहायचं तर मला दुसरी भाषा पुरणार नाही. कुणाकडून तरी वाचून घ्या.

कॉलेज स्ट्रीटवर कलकत्ता विद्यापीठात तुमचं म्युझियम बघायला आम्ही मायलेकी आलो होतो. १९३७ साली सुरू झालेलं, आपल्या देशातल्या विद्यापीठांमधलं पहिलं सार्वजनिक संग्रहालय. आणि त्यात जपलंय काय, तर बंगालच्या खेड्यापाड्यातल्या हातांनी केलेलं काम. चंद्रकेतुगढ या बंगालमधल्या प्राचीन ठिकाणच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती, रंगवलेले चित्रपट मी भराभर पाहिले. आई मात्र कांथापाशी, म्हणजे जुन्या साड्यांचे थर शिवून केलेल्या बंगाली पांघरुणापाशी, थांबली ती हलेचना.

ती चाळीस वर्षं गोधड्या शिवतेय. काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, दोरा विकतचा नाही. जुन्या लुगड्याच्या काठातला उसवून घेतलाय." पुन्हा वाकली, टाके मोजायला लागली. तिचे गुडघे दुखतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आत गेलात, स्वतःची खुर्ची उचलून आणलीत आणि भिंतीकडे नाही, थेट त्या कांथासमोर ठेवलीत. "माशीमा, बोसुन," म्हणालात, म्हणजे मावशी, बसा. आई बसली, तशी नजर बरोबर मधल्या कमळावर आली. घरी शिवायला बसते तशीच बसली होती ती.

दादा, त्या खुर्चीचं मोल सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका प्रदर्शनात आईची गोधडी दाखवायला नेली होती. टेबलामागच्या बाईंनी घडीसुद्धा उलगडली नाही. "हे घरगुती आहे, इथे कला असते," म्हणाल्या. आम्ही तासभर उभ्याच होतो. त्या दिवसानंतर आईने कितीतरी महिने सुई हातात धरली नाही.

शिकलेली, मानाच्या जागेवर बसलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याचे पाय दुखत असतील हे ज्याच्या लक्षात येतं, तो माणूस मला त्या सगळ्यांहून मोठा वाटतो.

निघताना तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे याला काय म्हणतात? आईने सांगितलं आणि तुम्ही वहीत बांगला अक्षरांत लिहून घेतलंत: गोधडी. दोनदा म्हणून पाहिलंत, बरोबर आहे ना विचारलंत.

आईने परत शिवायला घेतलंय. खुर्ची देणाऱ्या दादांना नमस्कार कळव, म्हणाली. तो कळवते.